उक्षी आणि भोकेच्या मधली रेघ

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू झालं की कोणती गाडी किती आधी सुटणार, याचीच चर्चा होते. पण एका गाडीची वेळ हलली की बाकीच्यांच्याही का हलवाव्या लागतात, हे रकान्यांतल्या आकड्यांवरून कळत नाही. ते कळतं आलेखावरून.

शाळेत शिकलेला अंतर-काल आलेखच हा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर ओळीने स्टेशनं. प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. वर जाणारी रेघ पाहून मुलांना गाडी घाट चढतेय असं वाटतं. खरं तर रेघेचा चढ गाडीची चाल सांगतो. ताशी १२० किलोमीटरने २० किलोमीटर कापायला १० मिनिटं लागतात, ७५ ने १६. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं की ४० ची मर्यादा; मग त्याच अंतराला अर्धा तास. रेघ कलत जाते. गाडी थांबली की आडवी होते.

रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग बहुतांश एकेरी आहे. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेघा कुठेतरी एकमेकींना छेदणारच. तो छेद स्टेशनावरच पडायला हवा, कारण तिथेच एका गाडीला बाजूच्या रुळावर घेता येतं. उक्षी आणि भोके यांच्यामध्ये साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे. कागदावर छेद तिथे आला, तर एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर! म्हणून एकीला उक्षीत थांबवायचं, तिची रेघ आडवी ओढायची आणि दुसरी निघून गेली की पुन्हा तिरकी करायची. प्रवासी याला ‘क्रॉसिंगला रखडली’ म्हणतात.

आता पावसामुळे एक रेघ कलली, की तिचे पुढचे सगळे छेद सरकतात आणि भेटणाऱ्या प्रत्येक गाडीची रेघ नव्याने आखावी लागते. नियंत्रण कक्षातले सेक्शन कंट्रोलर पूर्वी हे पेन्सिल-पट्टीने कागदी चार्टवर करत. आता रेघा संगणकाच्या पडद्यावर उमटतात. ही पद्धतही जुनी: फ्रेंच शास्त्रज्ञ एतियन-ज्यूल मारे यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या ग्रंथात पॅरिस-लिऑन गाड्यांचा असाच आलेख आहे.

वर्गात मात्र मुलं अजूनही कुठल्याशा नाव नसलेल्या मोटारीचा आलेख काढतात. चिपळूण-रत्नागिरीचं खरं वेळापत्रक आणि आलेखाचा कागद त्यांच्या हाती द्यायला काय हरकत आहे? संगमेश्वरला गाडी का थांबते, हे ती स्वतःच शोधून काढतील.