गोठ्यातले दूध, शेतातला बटाटा आणि क्वेबेकची पुटीन

बटाटा आपल्या शेतातला आणि दूध आपल्या गोठ्यातले. या दोहोंतून कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने एक पदार्थ नावारूपाला आणला, त्याचे नाव पुटीन. मुलीकडे माँट्रियलला गेलो तेव्हा आम्ही उभयतांनी तो चाखला.

तळलेल्या बटाट्याच्या गरम फोडी, त्यावर चीजचे ताजे खडे आणि वरून दाट तपकिरी रस्सा. थाट एवढाच. वॉरविक गावचे लोक म्हणतात, १९५७ साली आमच्या फर्नांद लाशांस यांच्या खानावळीत गिऱ्हाइकाने फोडी आणि चीज एकत्र मागितले, तीच सुरुवात. ड्रमंडव्हिलचे लोक म्हणतात, १९६४ साली आमच्या जाँ-पॉल रॉय यांनी फोडी, चीज आणि रस्सा एकत्र वाढले, तीच खरी पुटीन. वाद अजून मिटलेला नाही. तिकडच्या बोलीत पुटीन म्हणजे घोळ, राडा!

हा सारा पट्टा दुभत्या गाईंचा. चेडर चीज दाबून महिनोन्महिने मुरवावे लागते. तोवर पैसा अडकून पडतो. दाबण्यापूर्वीचे खडे मात्र त्याच दिवशी विकता येतात. सुमारे दहा लिटर दुधाचे एक किलो चीज होते. ताजा खडा दाताखाली कुईकुई वाजतो. एक-दोन दिवसांत, किंवा फ्रिजमध्ये ठेवल्यावर, हा आवाज जातो. म्हणूनच पुटीन चीजच्या कारखान्याजवळ रुजली. ताज्या मालाला जवळचे गिऱ्हाईक मिळाले, की दुधाचे दोन पैसे जास्त होतात, ते असे.

घरी करायची तर बटाटा शीतगृहातला नको. थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते आणि फोडी तळताना काळपट पडतात. बोटाएवढ्या फोडी कापून अर्धा तास पाण्यात ठेवाव्यात, कोरड्या पुसाव्यात. आधी मंद तेलात शिजेपर्यंत तळून काढाव्यात, गार झाल्यावर कडक तेलात पुन्हा तळाव्यात. रश्शासाठी तीन मोठे चमचे लोण्यावर तेवढाच मैदा तांबूस परतून, कांदा व अळिंबी उकळलेले दोन कप पाणी हळूहळू घालावे. मीठ, मिरपूड घालून दाट करावे. ताजे चीज न मिळाल्यास पनीर चालते. पण पनीर वितळत नाही, त्याला तार सुटत नाही, हे ध्यानात ठेवावे.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. तिथला रस्सा बहुधा कोंबडीच्या किंवा गुरांच्या हाडांच्या अर्काचा असतो. आमच्या सौभाग्यवती माळकरी. त्यांनी ताट पुढ्यात येण्याआधीच विचारले, म्हणून बरे झाले. अळिंबीच्या रश्शाची पुटीन काही ठिकाणी मिळते. चीज गोठवायला वासराच्या जठरातले द्रव्य वापरले आहे की दुसरे, हेही विचारावे. विचारण्यात संकोच कसला? मग ताट गरम आहे तोवर खावे. गार झाल्यावर फोडी मऊ पडतात आणि उरतो तो नावाप्रमाणे राडाच!