मुलांचा दमा आणि श्वासमापनाच्या चाचण्या

पावसाळ्याच्या आरंभी शाळा भरू लागल्या की अनेक वर्गांत एखादे तरी मूल असे आढळते, की जे मैदानाच्या दोन फेऱ्या मारताच खाली बसते, रात्रीच्या खोकल्याने झोप न झाल्यामुळे सकाळी वर्गात पेंगते आणि महिन्यातून चार-पाच दिवस गैरहजर राहते. शिक्षक त्यास कामचुकार समजतात, आई ‘थंडी बाधली’ म्हणते आणि आजी ‘छाती भरली’ म्हणून ओव्याच्या पुरचुंडीने शेकते. दुकानातून खोकल्याची बाटली येते, आठवडाभर बरे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. या मुलास दमा असेल अशी शंका सहसा कोणास येत नाही. आली तरी, दमा म्हणजे म्हाताऱ्यांचा रोग, किंवा पुढे मुलीच्या लग्नात आडवी येणारी गोष्ट, म्हणून ती बोलून दाखविली जात नाही.

वास्तविक दमा लहानपणीच सुरू होऊ शकतो, योग्य औषधांनी तो पूर्ण आटोक्यात राहू शकतो, आणि तो ओळखण्यासाठी श्वास मोजण्याच्या सोप्या चाचण्या आहेत. त्यांत सुई नाही, वेदना नाही. मात्र या चाचण्यांच्या दोन मर्यादा आहेत. मुलाने समजून-उमजून फुंकर घातल्याशिवाय त्या साधत नाहीत. आणि दमा हा येणारा-जाणारा विकार असल्याने एका दिवसाच्या मोजमापाने त्याचा नेहमीच पत्ता लागत नाही. या दोन्ही ठिकाणी ग्रामीण शिक्षकाचे साहाय्य मोलाचे ठरते.

दम्यात काय घडते?

फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळ्यांना श्वासनलिका म्हणतात. दमा असलेल्या मुलाच्या श्वासनलिका आतून सुजलेल्या व फार हळव्या असतात. सर्दी, चुलीचा धूर, धूळ, परागकण, थंड हवा किंवा जोराची धावपळ एवढ्यानेही त्यांच्या भोवतीचे स्नायू आखडतात, आत चिकट कफ साचतो आणि वाट अरुंद होते. वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या मळणीचा भुसा, तुरीच्या खळ्यावरची धूळ, कापसाचे तंतू आणि बांधावरचे गाजरगवत यांचा संपर्क मुलांना घरबसल्या होतो. काही मुलांचा त्रास हंगामाबरोबर वाढतो, त्याचे कारण अनेकदा यांतच सापडते.

वाट अरुंद झाल्यावर श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर टाकणे अधिक कठीण जाते. रुंद तोंडाचे पातेले उपडे करताच रिकामे होते. चंबूतील पाणी मात्र गुडगुड करीत हळूहळू बाहेर येते. दोहोंत पाणी सारखेच असले तरी रिकामे होण्याचा वेग निराळा. दम्याच्या चाचणीचे मर्म यातच आहे. छातीत हवा किती मावते एवढेच न पाहता ती किती वेगाने बाहेर पडते, हे मोजावयाचे असते.

प्रश्नाने शोध, मापाने खात्री

मुलांतील दम्याचा मोठा शोध जगभर शाळांतूनच घेतला गेला. १९९० च्या दशकात झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत ५६ देशांतील १५५ केंद्रांवर १३ ते १४ वर्षे वयाच्या ४,६३,८०१ मुलांकडून प्रश्नावली भरून घेण्यात आली. तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील केंद्रांत अकोल्याचाही समावेश होता. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते. १ जुलै १९९८ रोजी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. ‘गेल्या बारा महिन्यांत छातीतून घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला काय?’ हा त्या प्रश्नावलीतील मुख्य प्रश्न होय.

पुढे २०१७-१८ च्या सुमारास पुण्यासह भारतातील नऊ केंद्रांवर मुले व पालक यांची अशीच पाहणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, घरघर होत असलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के व्यक्तींच्या दम्याचे निदानच झालेले नव्हते. निदान नाही म्हणजे योग्य उपचार नाही, हे उघडच आहे.

प्रश्नावलीने संशयित मुले निवडता येतात. निदान पक्के होत नाही. घरघर इतर कारणांनीही होते, आणि काही मुलांना घरघर न होता केवळ खोकलाच येतो. यास्तव युरोपातील श्वसनरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ मध्ये ५ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात, केवळ लक्षणांवरून दम्याचे निदान करू नये, श्वासाच्या चाचण्यांचा आधार घ्यावा, असे सांगितले आहे.

स्पायरोमीटरची चाचणी

श्वास मोजण्याचे स्पायरोमीटर हे यंत्र इंग्लंडमधील डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये प्रसिद्धीस आणले. पाण्यावर उपडे ठेवलेले भांडे फुंकलेल्या हवेने वर उचलले जाई आणि हवेचे माप कळे. १९४७ मध्ये फ्रान्समधील टिफनो व पिनेल्ली यांनी ठरावीक वेळात किती हवा बाहेर पडते हे मोजण्याचा विचार मांडला आणि त्यातून दम्याच्या चाचणीस दिशा मिळाली. आजचे यंत्र लहान असून संगणकावर आलेख काढते.

मूल ताठ बसते. नाकाला चिमटा लावतात. मूल छाती भरून श्वास घेते, नळीभोवती ओठ घट्ट मिटते आणि संपूर्ण जोराने फुंकते; हवा संपेपर्यंत फुंकतच राहते. असे निदान तीन वेळा चांगले जमावे लागते. बाहेर पडलेली एकूण हवा आणि त्यांपैकी पहिल्या एका सेकंदात पडलेली हवा, ही दोन मापे महत्त्वाची. निरोगी मुलात एकूण हवेपैकी बहुधा ८५ टक्क्यांहून अधिक पहिल्याच सेकंदात बाहेर पडते. श्वासनलिका अरुंद असल्यास हे प्रमाण घटते.

यानंतर श्वासनलिका सैल करणारे सालब्युटामॉल हे औषध इनहेलरने देतात आणि १० ते १५ मिनिटांनी चाचणी पुन्हा घेतात. उदाहरणार्थ, एखाद्या मुलाचे वय व उंची पाहता पहिल्या सेकंदाचे अपेक्षित माप १,४०० मिलिलिटर आहे असे समजू. औषधापूर्वी ते १,००० आणि नंतर १,२०० भरले, तर वाढ २०० मिलिलिटरची, म्हणजे अपेक्षित मापाच्या सुमारे १४ टक्के झाली. मुलांमध्ये ही वाढ १२ टक्के किंवा अधिक असल्यास अडथळा औषधाने सुटणारा आहे, असे दिसते. दम्याचा हा महत्त्वाचा पुरावा होय.

मूल बरे असताना चाचणी केली तर मापे निर्दोष येऊ शकतात. ‘रिपोर्ट चांगला आला, आता दमा नाही’ असा अर्थ पालकांनी काढू नये. त्रास असताना चाचणी पुन्हा करावी लागते. आधीपासून इनहेलर चालू असल्यास चाचणीपूर्वी तो किती वेळ घ्यावयाचा नाही, हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने औषध बंद करू नये.

पीक फ्लो मीटर आणि चौदा दिवसांची वही

फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणारे पीक फ्लो मीटर राइट व मॅकेरो यांनी १९५९ मध्ये वैद्यकीय जगासमोर ठेवले. आज ते हातात मावणाऱ्या प्लास्टिकच्या नळीच्या रूपात मिळते व त्यास वीज लागत नाही. काटा शून्यावर आणून मुलाने उभे राहावे, खोल श्वास घ्यावा आणि एकच जोराची, झटकन फुंकर घालावी. तीन वेळा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहावा.

सकाळ-संध्याकाळ दोन आठवडे नोंद ठेवल्यास दम्याचे चढउतार दिसतात. समजा, सकाळी १८० आणि सायंकाळी २२० असे आकडे आले. फरक ४०, दोहोंची सरासरी २००. म्हणून त्या दिवसाचा चढउतार २० टक्के. रोजच्या अशा टक्केवारीची दोन आठवड्यांची सरासरी मुलांत १३ टक्क्यांहून अधिक भरल्यास दम्याचा संशय बळावतो. गणिताच्या तासाला शिकविलेली टक्केवारी येथे प्रत्यक्ष कामी येते. हे माप फुंकण्याच्या जोरावर फार अवलंबून असल्याने एकट्या त्यावरून मात्र निदान ठरवीत नाहीत.

मोठ्या शहरांत श्वासातील नायट्रिक ऑक्साइड मोजण्याची चाचणीही होते. त्या वायूचे प्रमाण वाढलेले असल्यास श्वासनलिकांतील विशिष्ट प्रकारची सूज कळते. धावण्याच्या आधी व नंतर श्वास मोजण्याचीही एक चाचणी आहे. ती रुग्णालयातच व्हावी. ‘दमा आहे का पाहू’ म्हणून शाळेच्या मैदानावर मुलास पळविणे धोक्याचे आहे. पाच वर्षांखालील बालकास जोराने फुंकणे सहसा साधत नाही. त्याचे निदान डॉक्टर इतिहास, तपासणी व औषधाचा परिणाम पाहून करतात.

शिक्षकाने काय करावे?

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या ज्या ३० आजारांचा शोध घ्यावयाचा आहे, त्यांत श्वासनलिकांच्या या विकाराचाही समावेश आहे. तपासणी पथकापुढे मूल काही मिनिटेच असते. त्या दिवशी घरघर नसली, तर पथकास ती ऐकू येणार नाही. शिक्षक मात्र मुलास वर्षभर पाहत असतो. म्हणून त्याने पुढील गोष्टी एका वहीत लिहून ठेवाव्यात: खोकल्यामुळे गैरहजेरीचे दिवस, धावल्यावर वा हसल्यावर येणारा खोकला, छातीतील शिट्टी, त्रास वाढण्याचा महिना, घरी कोणास दमा वा ॲलर्जी आहे काय. ही वही पथकास अथवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवावी आणि श्वासाची चाचणी कोठे होईल ते विचारून पालकांना तसे सांगावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप व वजन घटणे अशी लक्षणे असल्यास क्षयरोगाची तपासणी आधी व्हावी.

मूल चाचणीस जाणार असेल तर त्यास फुंकर घालण्याचा सराव द्यावा. खोल श्वास, ओठ घट्ट, जीभ नळीच्या तोंडावर येऊ न देणे आणि ‘फू’ म्हणून शेवटपर्यंत फुंकणे, एवढे त्यास खेळातून शिकविता येते. अनोळखी खोलीत, अनोळखी यंत्रापुढे घाबरलेल्या मुलाची अर्धवट फुंकर चाचणी निष्फळ करते. गुरुजींनी किंवा बाईंनी आधी समजावून सांगितलेले मूल निर्भयपणे फुंकते.

दमा निश्चित झालेल्या मुलाचा इनहेलर शाळेत त्याच्या हाताशी असावा, कुलपात नसावा. इनहेलरची सवय लागते ही समजूत चुकीची आहे. वर्ग मुलांच्या येण्यापूर्वी झाडावा आणि फळा ओल्या फडक्याने पुसावा. एकाएकी धाप लागल्यास मुलास आडवे न करता बसते ठेवावे व डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध द्यावे. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, बरगड्यांमधील जागा आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ज्या मुलास आळशी म्हणून बाकावर उभे केले जाते, त्यास कदाचित श्वासच पुरत नसेल. ही शंका शिक्षकाच्या मनात आली, तिची नोंद वहीत झाली आणि ते मूल चाचणीपर्यंत पोहोचले, तर पुढील वर्षी तेच मूल खो-खोच्या संघात धावताना दिसणे मुळीच अशक्य नाही.