मुशी : गरीपासून कालवणापर्यंत

छत्रपती संभाजीनगरसारख्या पठारावरील शहरात, जेथून मुंबईचा किनारा सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे, लहान शार्क माशाची पहिली ओळख स्वयंपाकघरात नव्हे, तर बहुधा प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होत असे. ‘स्कॉलिओडॉन’ या नावाने फॉर्मॅलिनच्या बरणीत दिसणारा हा मासा भारतीय विद्यापीठांत कूर्चामत्स्यांचा, म्हणजे हाडांऐवजी लवचिक कूर्चेचा सांगाडा असणाऱ्या माशांचा, नमुना म्हणून अनेक दशके अभ्यासला गेला आणि १९२८ मध्ये इ. एम. थिल्लयंपलम यांनी ‘इंडियन झूलॉजिकल मेमॉयर्स’ या मालेत त्याच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हाच मासा कोकण किनाऱ्यावर मुशी आणि सिंधुदुर्ग-गोव्याकडे मोरी म्हणून ओळखला जातो. प्रयोगशाळेत तो शरीररचनेसाठी महत्त्वाचा असला, तरी गरीने मासे पकडणाऱ्या हौशी माणसासाठी त्याच्याविषयीच्या दोनच गोष्टी निर्णायक ठरतात : तो ओळखता येणे आणि त्याला वेळेत साफ करणे.

गरी म्हणजे गळ, आणि गरीने मासे पकडण्याला दक्षिण कोकणात ‘गरवणे’ असे सुटसुटीत क्रियापद आहे. मुशी खाडीच्या मुखाजवळच्या उथळ, गढूळ पाण्यात वावरते आणि लहान मासे, कोळंबी व माकूल खाते. त्यामुळे भरती चढू लागली की कातळावर किंवा जेटीवर बसून तारली, बांगडा अथवा कोळंबीचा तुकडा शिशाच्या वजनासह तळाशी सोडणे ही साधी रीत पुरेशी ठरते. गढूळ पाण्यात मुशी डोळ्यांपेक्षा वासावर अधिक विसंबते, म्हणून आमिष ताजे व रक्ताळलेले असावे लागते. तसेच तिचे दात लहान असले तरी धारदार असल्याने गळालगतच्या वीतभर भागाला नायलॉनऐवजी पोलादी तार लावण्याचा अनेकांचा प्रघात आहे. पाण्याबाहेर आलेली मुशी एका हाताने डोक्यामागे व दुसऱ्या हाताने शेपटीजवळ धरावी लागते, कारण कूर्चेच्या कण्यामुळे ती नुसती शेपटीने धरल्यास उलट वळून चावू शकते. तिच्या कातडीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर ती गुळगुळीत लागते, उलट फिरवला तर काचकागदासारखी खरखरीत. ही खरखर इतर माशांसारख्या खवल्यांची नसून दातांसारख्याच घडणीच्या सूक्ष्म कणांची, म्हणजे त्वक्दंतांची असते.

मासा हातात येताच पहिला प्रश्न ओळखीचा असतो. फावड्यासारखे चपटे व टोकदार नाक, वर राखाडी-तपकिरी व खाली पांढरे, ठिपके नसलेले अंग आणि पाठीवरचा दुसरा लहान पर गुदपराच्या सुरुवातीपेक्षाही बराच मागे सुरू होणे, ही मुशीची लक्षणे होत. ती क्वचितच पाऊण मीटरपर्यंत वाढते, पण म्हणून हाताएवढा प्रत्येक शार्क हा पूर्ण वाढीची मुशी असेल असे नाही. तो मोठ्या जातीचे पिल्लूही असू शकतो. व्हेल शार्क, करवत मासे, गंगेतील शार्क अशा काही जातींना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली २००१ पासून संरक्षण आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने संरक्षित प्राण्यांच्या याद्या नव्याने मांडल्या गेल्या. म्हणून ओळख पटली नाही, तर मासा सोडणे हाच शहाणपणाचा मार्ग.

ओळख पटली की घड्याळ सुरू होते. समुद्राच्या खारटपणाशी तोल राखण्यासाठी शार्क आपल्या रक्तात व मांसात युरिया साठवतात; मासा मेल्यावर जिवाणू त्याच युरियाचे अमोनियात रूपांतर करतात, आणि शिळ्या मुशीला येणारा नाकात जाणारा उग्र दर्प त्यातूनच उद्भवतो. यामुळेच ठेवायचा मासा तात्काळ मारून, कल्ल्यांजवळ व शेपटीशी चीर देऊन रक्त वाहू दिले जाते, पोट साफ करून कण्यालगतची मूत्रपिंडांची काळपट पट्टी खरवडून काढली जाते आणि मासा थेट बर्फात जातो. घरी त्यावर कढत पाणी ओतून कातडीवरची ‘वाळू’, म्हणजे तेच त्वक्दंत, खरवडतात.

पाककृतींमध्येही हेच रसायन दडलेले दिसते. गोव्याच्या आंबट-तिखात मोरी हा ठरलेला मासा. त्यातील आंबटपणा अमोनियासारख्या अल्कधर्मी पदार्थांना उदासीन करतो, मात्र नासलेला मासा त्याने ताजा होत नाही. मालवणात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात गरम मसाला घालून केलेल्या मोरीला ‘मटण’ म्हणतात, आणि घट्ट, काटेविरहित मांसामुळे ते नाव शोभतेही. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशी देण्याची किनाऱ्यावरची रूढी जुनी आहे. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन मात्र गर्भवती व स्तनदा स्त्रियांना शार्क टाळण्यास सांगते, कारण शिकारी माशांच्या मांसात पारा साठतो. लहान जातीत तो मोठ्या, दीर्घायुषी शार्कपेक्षा कमी असण्याचा संभव असला, तरी हा सल्ला डावलण्याजोगा नाही.

एक प्रश्न मात्र बर्फाने सुटत नाही. मुशी अंडी घालत नाही. तिचे जेमतेम एक मिलिमीटरचे अंडे गर्भाशयात रुजते आणि वारेसारख्या अवयवातून पोसलेली साधारण सहा ते अठरा पिल्ले जन्माला येतात. लाखांनी अंडी देणाऱ्या माशांच्या मानाने हा हिशेब फार तुटपुंजा असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत ही जाती आज ‘संकटसमीप’ गणली जाते. नराच्या पोटाच्या परांजवळ बोटांसारखी दोन आलिंगके असतात. ती नसतील आणि पोट फुगीर असेल, तर ती गाभण मादी असण्याची शक्यता मोठी. बोंबिलांसाठी लावलेल्या डोल जाळ्यात ती सापडली, तर जाळे ओढेपर्यंत निवडीची वेळ टळलेली असते. गरीला लागलेली मादी मात्र जिवंतच हाती येते. छातीभोवती आधार देणाऱ्या बरगड्यांचा पिंजरा शार्कला नसल्याने तिला लटकवू नये, पोटाखाली हात देऊन पाण्यातच गळ काढावा.

पठारावरच्या शहरात मुशी पोहोचते ती बर्फाच्या पेटीतून, आणि तोवर ती कोण होती, किती वेळापूर्वी मेली व तिच्या पोटात काय होते, या तीन प्रश्नांपैकी एकही विकत घेणाऱ्याच्या हाती उरलेला नसतो. गरवणाऱ्याच्या हाती तिन्ही असतात, आणि त्यांची उत्तरे पाणी ओंजळीतून निसटण्याआधी द्यावी लागतात.