सिंह झोपतो, शेतकरी जागतो

आमच्या सोनपेठकडच्या माणसाला सिंह ठाऊक असतो तो दोन ठिकाणचा. एक नवरात्रातल्या देवीच्या तसबिरीतला आणि दुसरा लहानपणी परभणीला आलेल्या सर्कशीतला. पहिला देवीच्या पायाशी नम्र, दुसरा स्टुलावर बसून जांभया देणारा. रानातला सिंह आमच्या मुलखात कुणाच्या पणजोबानंही पाहिलेला नाही. तरी राजा बसतो ते सिंहासनच, आणि दर दोन गावांमागे एखादे नरसिंगराव हमखास.

तेव्हा बँकेतून निवृत्त झाल्यावर सौ.नं विचारलं, ‘काशी की रामेश्वर?’ आणि मी म्हणालो, ‘केनिया’, तेव्हा घरात दोन दिवस शांतता होती. ‘सिंहच बघायचा तर गीरला जाऊ, एका रात्रीत पोचतो,’ असं मुलगाही म्हणाला. त्याचं चुकीचं नव्हतं. गीर आणि भोवतालच्या भागात २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले. पण मला ते अफाट गवत बघायचं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईहून निघालो.

सफारी हा शब्द तिकडच्या स्वाहिली भाषेतला. अर्थ साधा, प्रवास. मूळ अरबी ‘सफर’. म्हणजे आपली सफर आणि त्यांची सफारी चुलत बहिणी निघाल्या. सिंहाला ते ‘सिंबा’ म्हणतात. नैरोबीहून पाच-सहा तासांवर मसाई मारा. वाटेत नारोक नावाचं गाव लागतं आणि त्यापुढं मला घरी आल्यासारखंच वाटू लागलं. काळी माती! उन्हात भेगाळणारी, पावसात चाकं धरून ठेवणारी. आणि बाभळी. डोकं सपाट कापल्यासारख्या, पण काटा तोच. सौ.ला म्हटलं, ‘इथं ज्वारी चांगली येईल.’ ती म्हणाली, ‘तुमची बँक अजून सुटली नाही.’

पहिला सिंह दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला. बाभळीच्या सावलीत चारी पाय वर करून झोपला होता. पोट तट्ट फुगलेलं, तोंडावर माश्या. आम्ही गाडीचं छत उचलून, श्वास रोखून उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्यानं एक डोळा उघडला, आमच्यातून आरपार पाहिलं आणि मिटला. सौ. कानात म्हणाली, ‘अहो, हा तर श्राद्धाचं जेवून पडलेल्या आमच्या आप्पांसारखा दिसतो.’ सिंह दिवसातले वीस-वीस तास असा पडून असतो, हे पुस्तकात वाचलं होतं. पण वाचणं वेगळं, आणि लाखो रुपये मोजून त्याची झोप राखत बसणं वेगळं.

शिकार बहुतेक सिंहिणी करतात. तीही आम्ही पाहिली, म्हणजे फसलेली पाहिली. तीन सिंहिणी गवतात पोट टेकवून तास-दीड तास सरकत होत्या. समोर झेब्रे. एकीनं जरा घाई केली आणि सगळा कळप धुरळा उडवत निघून गेला. ती उठली, अंग झाडलं आणि जणू काही झालंच नाही अशी चालू लागली. दहापैकी बहुतेक वेळा असंच होतं, असं आमचा ड्रायव्हर म्हणाला. राजाच्या घरीसुद्धा रोज चूल पेटत नाही, हे मला नवीन होतं.

हत्तींबद्दल लिहायला घेतलं तर ही पुरवणी पुरणार नाही. मारा नदीकाठी जमलेल्या विल्डबीस्टच्या कळपांबद्दलही नाही. सेरेंगेटीतून माऱ्याकडं आणि परत असं दरवर्षी दहा लाखांच्या वर जनावर फिरतं. मला सांगायचंय ते त्या ड्रायव्हरबद्दल.

तिशीतला मसाई तरुण. मोडकं इंग्रजी आणि पर्यटकांकडून उचललेलं चार शब्दांचं हिंदी. सिंहाभोवती वीसेक गाड्यांचा गराडा पडला की तो आपली गाडी मागं घ्यायचा. एका संध्याकाळी मी विचारलं, ‘तू पहिला सिंह कधी पाहिलास?’ तो म्हणाला, ‘पाहिला नाही, ऐकला. आठ वर्षांचा होतो.’ त्यांच्या वस्तीभोवती काट्यांचं कुंपण असतं, गुरं मध्ये. बाप रात्रभर विस्तवापाशी बसायचा. एका रात्री त्याचा डोळा लागला आणि सकाळी दुभती गाय नव्हती. ‘आता सिंहांवर माझं पोट चालतं,’ तो म्हणाला, ‘पण माझी आई अजून सिंहाचं नाव घेत नाही.’

गुरांपायी तिथं सिंहही मरतात. बीबीसीच्या मालिकेमुळं जगभर ठाऊक झालेला माऱ्यातला एक कळप होता. २०१५ च्या डिसेंबरात त्याच्यावर विषप्रयोग झाला. गायी मारल्या म्हणून मेलेल्या जनावरावर कीटकनाशक टाकून ठेवलेलं. बीबी नावाची म्हातारी सिंहीण त्यात गेली. आपल्याकडं कपाशीवर फवारायला नेतात त्याच जातीची वस्तू. हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो.

त्यावर त्यांनी एक तोड काढली आहे, ती माझ्यातल्या बँकवाल्याला फार आवडली. राखीव क्षेत्राला लागून मसाई कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी आहेत. २००५-०६ पासून अनेकांनी त्या एकत्र करून पर्यटनवाल्यांना भाड्यानं दिल्या. अट अशी की तिथं घरं बांधायची नाहीत, गुरं ठरवून चारायची, आणि एका जनावरापाशी मोजक्याच गाड्या न्यायच्या. भाडं थेट खात्यात जमा. सिंह जिवंत तर हप्ता चालू. सगळं आलबेल आहे असं नाही, करोनाच्या साथीत पर्यटक थांबले तेव्हा त्या भाड्याचीही ओढाताण झाली. पण सिंह सांभाळण्याचा खर्च कुणाच्या तरी नावे पडतो, हे निदान तिथं वहीत लिहिलेलं आहे.

त्या रात्री तंबूत झोप लागली नाही. दूरवर सिंह गरजत होता, आणि मला आठवत होते बापू.

१९८८ साल. मी सोनपेठ भागात पीककर्ज बघत होतो. पौषात एक म्हातारे शेतकरी आले. हरभरा टरारून उगवला होता आणि काळविटांच्या कळपानं तीन रात्रींत साफ केला होता. कर्जाचे हप्ते पाडून द्या, एवढंच मागणं. मी कागद पाहिला. गावाची आणेवारी पन्नास पैशांच्या वर. म्हणजे नापिकी नाही. तसं सांगितलं.

‘सायब, आनेवारी गावाची असती. हरनं माझ्या वावरात येत्यात.’

‘नियमात बसत नाही, बापू.’

‘मंग एक रात्र जागलीला या. डोळ्यानं बगा.’

मी हसलो. पुढचा माणूस बोलावला. काळविटाला हात लावला तर १९७२ च्या कायद्यानं तुरुंग, हे बापूंना ठाऊक होतं, आणि कायदा बरोबरच होता. पण काळविटाच्या चाऱ्याचा हिशेब बापूंच्या खात्यातून वळता होत होता, आणि तो रकाना माझ्या फॉर्ममध्ये नव्हता. बापूंचं वावर बँकेपासून आठ किलोमीटर. मी गेलो नाही. आणि जनावरं बघायला समुद्र ओलांडून आलो.

परतल्यावर मार्गशीर्षात गावी गेलो. बापू केव्हाच गेले. शेत आता मुलगा करतो. त्याचेही केस पिकले आहेत. आता पिकाच्या नुकसानीची भरपाई वन खात्याकडून मिळू शकते. अर्ज, पंचनामा, सगळं वेळेत झालं तर. वावराभोवती बायकोच्या, आईच्या, लेकींच्या जुन्या साड्या बांधलेल्या, जांभळ्या, पोपटी, जरीच्या. रानडुकरं बुजतात म्हणे. एका बाजूला सौर झटका मशीन टकटकत होतं. मधोमध माळा.

‘जागलीला बसायचंय,’ मी म्हणालो.

तो थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला. ‘काका, थंडी लई असती.’

घोंगडी घेऊन वर चढलो. दोनच्या सुमारास त्यानं माझ्या गुडघ्याला हात लावला आणि बॅटरी पेटवली. हरभऱ्याच्या पलीकडं हिरवट डोळे चमकले. एक जोडी, मग चार, मग मोजता येईनात. मी आफ्रिकेतही इतका हरखलो नव्हतो. काळवीट मान उंचावून उभा होता, शिंगांचे पीळ उजेडात स्पष्ट दिसत होते. दोन उड्यांत त्यानं साड्यांचं कुंपण ओलांडलं.

त्यानं गोफण हातात घेतली. दगड लावला. मग माझ्याकडं वळून विचारलं, ‘बघून झालं का तुमचं? का अजून थोडं थांबू?’