नवगाव ते दिमोना : बेने इस्रायल समाजाच्या दोन स्थलांतरांचा मागोवा

बाहेरून आलेले लोक काळाच्या ओघात स्थानिकांत मिसळून जातात का, हा प्रश्न आज युरोप-अमेरिकेतल्या निवडणुकांत जेवढ्या तावातावाने विचारला जातो, तेवढाच मुंबई-पुण्यातही. उत्तर देणारे बहुधा दोन-तीन पिढ्यांकडे बोट दाखवतात. कुणी म्हणतो, नातवंडे आमच्यासारखीच बोलतात, प्रश्न मिटला. कुणी म्हणतो, लग्ने अजून आपापसांतच होतात, म्हणजे हे परकेच. महाराष्ट्राला या प्रश्नाकडे फार लांबच्या पल्ल्यावरून बघता येते. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने ही परीक्षा दोनदा दिली: एकदा अलिबागच्या अष्टागरात परका म्हणून आणि दुसऱ्यांदा इस्रायलमध्ये ‘आपला’ म्हणून. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की काही पक्क्या समजुती ढासळतात.

या समाजाची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरले गेले, आणि वाचलेल्यांपासून पुढचा समाज वाढला. ही घटना नेमकी केव्हाची, याचा कागदोपत्री पुरावा नाही. परंपरा ती दोन हजार वर्षांपूर्वी नेते. धर्मग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू भाषा हळूहळू विसरली गेली. उरले ते थोडे, पण घट्ट: सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यातले विधिनिषेध आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना.

पोटासाठी त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. आडनावे गावांवरून पडली: किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर, झिराडचे झिराड. सॅम्युएलचा समाजी झाला, इझिकेलचा हसाजी. बायका नऊवारी नेसल्या, गळ्यात मंगळसूत्र आले. सणसुद्धा मराठी नावाने ओळखले जाऊ लागले. हिब्रू नववर्ष हा ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताचा उपवास हा ‘दारफळणीचा सण’, पुरीम हा ‘होळीचा सण’, तर जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’. एका मंदिराचे दुःख वालाच्या बिरड्यासोबत पिढ्यान् पिढ्या पाळले गेले. कोकणभर शोधले तरी यापेक्षा पक्का कोकणी शोक सापडणार नाही.

इतके मिसळूनही हा समाज विरघळला का नाही? माझ्या मते याचे उत्तर गावगाड्यात आहे. जातीवर उभ्या असलेल्या समाजाने नवागताला ‘आमच्यासारखा हो’ असे कधी म्हटलेच नाही. त्याने एवढेच विचारले: तुमचा धंदा कोणता, तुमचे पाणी कुणाकडे चालते, तुमच्या मुली कुठे द्यायच्या? उत्तरे मिळाली की नवागताला जागा मिळाली. भाषा, पेहराव, आडनाव हे सगळे सामाईक. देव आणि लग्न ज्याचे त्याचे. धर्मावरून बेने इस्रायलांचा छळ झाल्याची नोंद कोकणाच्या इतिहासात नाही, याचा महाराष्ट्राला सार्थ अभिमान वाटावा. पण तो अभिमान बाळगताना हेही मान्य करायला हवे की, ज्या व्यवस्थेने त्यांना निर्धास्त राहू दिले तीच व्यवस्था इतर कित्येकांना गावकुसाबाहेर ठेवत होती.

तो जातिभेद त्यांच्यातही उतरला. शुद्ध वंशाचे म्हणवणारे ‘गोरे’ आणि स्थानिक स्त्रियांशी झालेल्या विवाहसंबंधांतून आलेले ‘काळे’ असे दोन गट पडले, आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. विधवेच्या पुनर्विवाहाला बायबलची हरकत नाही, तरी शेजाऱ्यांचे पाहून इथे तो कमीपणाचा मानला गेला. मिसळणे म्हणजे केवळ चांगल्या गोष्टी घेणे नव्हे, यजमानाचे दोषही अंगी लागतात. आणि ‘आम्ही कधी मिसळलोच नाही’ हा अभिमानही पूर्ण खरा नव्हता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतला ज्यू वारसा आणि भारतीय वारसा असे दोन्ही धागे स्पष्ट दिसले. परंपरा आणि विज्ञान इथे एकमेकांना खोडत नाहीत. लांबून आलेले लोक इथल्या लोकांत मिसळले आणि तरी वेगळे राहिले, हे दोन्ही खरे ठरले.

अठराव्या शतकात दुसरा टप्पा सुरू झाला. घाणे सोडून तरुण मुंबईला, ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत गेले. त्यांतलेच समाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर. म्हैसूरच्या युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले, सुटून आले, आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवी भागात या समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभारले. तिथला सॅम्युएल स्ट्रीट आजही त्यांचे नाव सांगतो. पुढे अलिबाग, रेवदंडा, पनवेल, पेण, ठाणे इथे एकामागून एक सिनेगॉग झाली. ज्यांना हिब्रूचे एक अक्षर येत नव्हते अशा समाजाला कोचीनच्या ज्यूंनी आणि पुढे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी पुन्हा धर्मग्रंथांपर्यंत नेले. जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले, ते १८३२ साली. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला.

हा सगळा काळ मला या मागोव्यातला सर्वांत समृद्ध भाग वाटतो. कारण इथे एक रूढ समजूत उलटी पडते. भाषा बदलली की ओळख पुसली जाते, असे आपण धरून चालतो. पण एकोणिसाव्या शतकात बेने इस्रायल जितके मराठीत खोल गेले, तितके ते अधिक जाणते ज्यू झाले. ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या सचित्र आवृत्तीत बेखमीर भाकरी भाजणाऱ्या बाया लुगडे नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास हरिदासी कीर्तनाच्या धर्तीवर बायबलमधल्या पूर्वजांची आख्याने सुरू झाली: पूर्वरंग, उत्तररंग, झांजा, पेटी, सगळे मराठी आणि कथा अब्राहामाची. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढली आणि पुढे समाजाचा इतिहास लिहून ठेवला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला.

मलिदा हा याच मिलाफाचा विधी. भिजवलेले गोड पोहे, खोबरे, वेलची, फळे यांचे ताट मांडायचे आणि एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याची स्तुती गायची. लग्न, बारसे, नवस फेडणे, नवे घर, प्रत्येक शुभप्रसंगी मलिदा होतो. जगातल्या इतर ज्यूंकडे एलियाची भक्ती आहे, पण पोह्यांचे ताट फक्त कोकणातून गेलेल्यांकडे आहे.

विसाव्या शतकात हा समाज मुंबईच्या सार्वजनिक जीवनात ठळकपणे दिसू लागला. डॉ. जेरुशा झिराड या स्त्रीरोगतज्ज्ञांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. डॉ. एलिजा मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा साकारणारे डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. भारतीय इंग्रजी कवितेला आधुनिक वळण देणारे निस्सिम इझिकेल याच समाजातले. रेल्वे, कस्टम, टपाल, पोलीस, शाळा, इस्पितळे या ठिकाणी तर बेने इस्रायल शेकड्यांनी होते.

मग हे लोक गेले का? स्वातंत्र्याच्या वेळी या समाजाची संख्या सुमारे २० हजार होती. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुसंख्य इस्रायलला गेले. त्यांना कुणी हाकलले नव्हते. ओढ धर्माची होती. फाळणीच्या रक्तपाताने अल्पसंख्याकांच्या मनात बसलेली धास्ती होती. ब्रिटिश गेल्यावर सरकारी नोकऱ्यांचे काय, ही काळजी होती. आणि एक भाऊ गेला की दुसराही जातो, हा स्थलांतराचा सर्वत्र दिसणारा नियम होता. पूर्ण मिसळलेले माणूसही निघून जाऊ शकते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मिसळणे हा कायमचा करार नसतो.

इस्रायलमध्ये त्यांची दुसरी परीक्षा सुरू झाली, आणि ती जास्त कठीण गेली. तिथे धर्म एकच होता. पण रंग, भाषा, जेवण, शिक्षण यांवरून ते खालच्या पायरीवर ठेवले गेले. सुरुवातीचे अनुभव इतके कडवट होते की, १९५१ च्या अखेरीस काहींनी तेल अवीवमध्ये स्थलांतरितांची व्यवस्था पाहणाऱ्या ज्यूईश एजन्सीच्या दारात धरणे धरले: आम्हाला भारतात परत पाठवा. गांधींच्या देशातून गेलेल्यांनी सत्याग्रहाचे हत्यार वापरावे, हे स्वाभाविकच. १९५२ मध्ये शंभराहून अधिक जण खरोखर परत आणले गेले. त्यांतले अनेक पुढे पुन्हा इस्रायलला गेले. दोन्हीकडे आपले आणि दोन्हीकडे उपरे वाटणे हे स्थलांतरिताचे दुखणे त्यांनी पुरते भोगले.

खरा घाव मात्र १९६२ मध्ये बसला. प्रमुख धर्मपीठाने विवाह नोंदवणाऱ्यांना आदेश दिला की, बेने इस्रायल वधू-वर दुसऱ्या ज्यूशी लग्न करू इच्छित असतील तर त्यांच्या पूर्वजांची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. नवगावला कुणी त्यांचा वंश तपासला नव्हता. ज्या देशाला ते मायदेश मानून गेले, तिथे वंशाचा दाखला मागितला गेला. समाज रस्त्यावर उतरला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आंदोलन झाले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव करून बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क समान आहेत, असे जाहीर केले. आदेशातून समाजाचे नाव वगळले गेले. कोकणात शतकानुशतके जे गृहीत होते, ते इथे भांडून मिळवावे लागले. पण भांडता आले आणि मिळाले, हेही तितकेच महत्त्वाचे. समान नागरिकत्वाच्या हमीवर उभा असलेला देश चुकला, तर त्याला त्याच हमीची आठवण करून देता येते. गावगाड्यात तशी सोय नव्हती.

त्यानंतर मिसळण्याला वेग आला. दिमोना, बीरशेबा, येरुहाम, लोद, अश्दोद, किर्यात गात या गावांत ते स्थिरावले. पहिल्या पिढीने कारखान्यांत, रुग्णालयांत, कचेऱ्यांत कष्ट केले. मुले हिब्रू शाळेत गेली, अठराव्या वर्षी सैन्यात गेली, आणि मोरोक्को, इराक, रुमानिया इथून आलेल्या घराण्यांत लग्ने करू लागली. जे कोकणात इतक्या शतकांत झाले नाही, ते तिथे चाळीस वर्षांत झाले: लग्नाची भिंत पडली. आणि जे कोकणात त्यांनी शतकांत कमावले होते, ते तेवढ्याच वर्षांत ओसरले: मराठी घरातून निघून गेली. आजी मराठीत बोलते, मुलाला कळते, नातवाला फक्त खाण्याच्या पदार्थांची नावे येतात, असे घराघरांतले चित्र झाले. नोहा मस्सिल यांच्यासारख्या मंडळींनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्रायलमधून चालवले. मराठीच्या इतिहासात या कामाची नोंद ठळकपणे व्हायला हवी. मलिदा मात्र टिकला. हैफातल्या एलियाच्या गुहेपाशी बेने इस्रायल कुटुंबे आजही मलिदा करतात.

इकडे महाराष्ट्रात काही हजार जण उरले आहेत, मुख्यतः मुंबई आणि ठाण्यात. २०१६ मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागची इस्राएल आळी नावाने आहे, राहणारी घरे मोजकी.

हा सगळा प्रवास पाहिल्यावर ‘मिसळतात का’ या प्रश्नाला माझे उत्तर असे: मिसळतात, पण कशात मिसळायचे आणि कशात नाही हे पाहुण्यांपेक्षा यजमानांची रचना अधिक ठरवते. जातीच्या समाजाने त्यांना भाषा दिली, धर्म राहू दिला आणि लग्नाचे दार बंद ठेवले. राष्ट्राच्या समाजाने लग्नाचे दार उघडले, बरोबरीचे हक्क दिले आणि भाषा काढून घेतली. दोन्हीकडे काही मिळाले, काही गेले. म्हणून एखादा समाज ‘मिसळत नाही’ असा आरोप करण्याआधी आपण त्याच्यासमोर कोणती दारे उघडी ठेवली आहेत, हे आधी तपासले पाहिजे. वेगळेपण जपणे म्हणजे निष्ठा नसणे, हा हिशेब तर बेने इस्रायलांच्या इतिहासाने साफ खोटा ठरवला आहे. देव वेगळा ठेवूनही ते याच मातीचे होते.

आता उरलेले काम आपले आहे. इस्रायलमधली मराठी बोलणारी पिढी आज वृद्ध झाली आहे. तिची बोली, कीर्तने, मलिद्याची गाणी, सणांची नावे यांचे ध्वनिमुद्रण आपल्या विद्यापीठांनी आणि साहित्य संस्थांनी तातडीने करावे. कोकणातली जुनी सिनेगॉग आणि दफनभूमी यांची देखभाल सरकारवर न सोडता गावांनीही आपली मानावी. आणि आज आपल्या शहरांत जे पोट भरायला आले आहेत, त्यांना आधी कामाची आणि मानाची जागा द्यावी. मराठी ते शिकतील. नवगावला उतरलेल्यांनी ती कुणाच्या सक्तीशिवाय शिकली, आणि पुढे आपल्या देवाशीही ते त्याच भाषेत बोलले.