झडपेची शंभर वर्षे

विहिरीतल्या पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. पाणी वर जाऊ द्यायचे, खाली उतरू द्यायचे नाही. हृदयातल्या चार झडपांचे कामही तेच. मागून रक्ताचा दाब आला की त्या उघडतात, पुढून आला की मिटतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपांना बारीक दोऱ्यांनी खालून धरून ठेवलेले असते, म्हणून त्या उलटत नाहीत. डॉक्टर नळीतून ऐकतात ते दोन ठोके या मिटण्याचेच. दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा हे चालते.

या झडपांचा जुना वैरी म्हणजे संधिवाताचा ताप. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे मुलाचा घसा सुजतो, घरचे दुखणे अंगावर काढू देतात, आणि काही मुलांना पुढे हा ताप येतो. सांधे बरे होतात. झडप मात्र आकसते किंवा गळू लागते.

१९२५ मध्ये लंडनला हेन्री साउटर यांनी एका मुलीच्या हृदयात बोट घालून आकसलेली मिट्रल झडप मोकळी केली. मुलगी वाचली, तरी ही वाट पुन्हा धरायला १९४८ उजाडले. १९६० मध्ये अमेरिकेत अल्बर्ट स्टार यांनी पिंजऱ्यात चेंडू असलेली कृत्रिम झडप बसवली. आपल्याकडे परदेशी झडपेची किंमतच डोंगराएवढी होती. डिसेंबर १९९० मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत भारतात घडवलेली झडप पहिल्यांदा रुग्णाला बसली. २०१३ मध्ये जीवनदायी योजना राज्यभर लागू झाली आणि गरिबाच्या शस्त्रक्रियेचा खर्च सरकारने उचलला. हृदयशस्त्रक्रियेसाठी आता मुंबई-पुणेच गाठावे लागत नाही. शिर्डीत आणि नगर शहरातही ती होते.

तरीही धातूची झडप बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. देवाने दिलेली झडप जपणे केव्हाही मोलाचे. गावातल्या बायका शिकल्या तर गावाचे आरोग्य राखू शकतात, हे जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी दाखवून दिले. झडपेचे रक्षणही घरातूनच सुरू होते. मुलाचा घसा दुखत असेल, ताप असेल, तर वेळेवर डॉक्टरांकडे न्या. आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन लिहून दिले असेल, तर त्यातले एकही चुकवू नका.