‘हायब्रिड’ म्हणून आपण नेमके काय विकत घेतो?

गाडी घ्यायची ठरली की घरात चर्चा होते रंगाची, सीटांची आणि मायलेजची. चाके कोण फिरवते, इंजिन की मोटर, हे क्वचितच कोणी विचारते. व्याजाचे कर्ज टाळून वर्षानुवर्षे साठवलेल्या पैशांतून गाडी घेणाऱ्यांनी तर हे आधी विचारावे. कारण ‘हायब्रिड’ या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळी यंत्रे विकली जातात.

मारुतीच्या एर्टिगात असते ती माइल्ड हायब्रिड. तिच्यात इंजिनाला पट्ट्याने जोडलेली छोटी मोटर असते. सिग्नलला आपोआप बंद झालेले इंजिन ती झटकन सुरू करते, वेग घेताना थोडा हातभार लावते. एकटीने मात्र ती गाडी चालवू शकत नाही. दुकानात सरळ सांगावे, “भाई, इंजिन बंद ठेवून चार पावले चालवून दाखवा.”

ते जमते स्ट्राँग हायब्रिडला. टोयोटाने ही पद्धत १९९७ साली जपानमध्ये प्रियस गाडीतून बाजारात आणली. इंजिन आणि दोन मोटरी दातेरी चाकांच्या एका संचाने जोडलेल्या असतात. कधी मोटर ओढते, कधी इंजिन, कधी दोघे मिळून. इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडमध्ये हीच रचना आहे. होंडा सिटीच्या हायब्रिडची तऱ्हा निराळी. तिथे इंजिन बहुतेक वेळ फक्त वीज तयार करते, चाके मोटर फिरवते, आणि हायवेच्या वेगाला इंजिन थेट चाकांना जोडले जाते. दोन्हींना प्लग लागत नाही. ब्रेक दाबताना वाया जाणारी ताकद बॅटरीत परत येते, म्हणून खरी बचत रखडत्या शहरी रहदारीत. मोकळ्या हायवेवर हा फायदा बराच कमी होतो. महिन्यात मोजक्याच फेऱ्या होत असतील तर जादा मोजलेली रक्कम वसूल होणे कठीण. त्यांना साधी पेट्रोल गाडी पुरे.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन, क्लच, ऑइल बदलणे काहीच नाही. पण गाडीआधी सोसायटीत आपल्या मीटरवरचा चार्जिंग पॉइंट मिळवावा. ३० युनिटची बॅटरी घरच्या १५ अँपिअर सॉकेटवर भरायला जवळपास अख्खी रात्र लागते. रोजच्या कामाला ते चालते. ईदला सगळे घर घेऊन, एसी लावून मुंब्र्याहून चिपळूणला निघालात, तर एवढ्या बॅटरीला वाटेत एकदा थांबावे लागेल हे धरूनच चला, आणि चार्जर कुठे आहे ते निघण्याआधी पाहून ठेवा. त्या दिवशी तिथे रांगही असू शकते.